चकाकी नको, धागा सरकायला हवा: कॉर्कच्या चाकावर केलेल्या ४८० गाईडचं प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, दोन बेंच ड्रिल आणि मागच्या शेडमध्ये पॉलिशचं एक स्पिंडल (चाक बसवायचा फिरता दांडा). वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. लहान सुटे भाग करून देणं हेच आमचं पोट. या लेखातलं काम, म्हणजे मागावर धाग्याला वाट देणाऱ्या छोट्या 'गाईड' करण्याचं, हाताळायला दीड महिना गेला आणि त्यातला निम्मा वेळ एका चुकीच्या समजुतीत गेला. पॉलिश म्हणजे चकाकी, ही ती समजूत. जे काम करतात त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

काम इचलकरंजीच्या एका कारखानदाराचं होतं. त्यांच्याकडे परदेशातून आणलेले जुने रॅपिअर माग (धोट्याऐवजी दांडीनं आडवा धागा ओढून नेणारे) आहेत. बाण्याचा, म्हणजे कापडातला आडवा, धागा कोनावरून (धाग्याच्या शंकूसारख्या गुंडाळीवरून) सुटून मागाकडे जाताना वाटेत दोन ब्रॅकेटवर वळतो. त्या वळणांवर मूळच्या सिरॅमिकच्या गाईड होत्या. बऱ्याचशा फुटल्या होत्या, आणि त्या मापाचं बाजारात काही मिळत नव्हतं. मालकांनी फुटकी गाईड टेबलावर ठेवली आणि म्हणाले, स्टेनलेसमध्ये अशीच करून द्या. २.५ मिमी जाडीची ३०४ स्टेनलेसची पट्टी, लांबी ३८ मिमी. एका टोकाला इंग्रजी यू आकाराची खाच, तिची गोलाई ६ मिमी. मध्ये ५ मिमीचं एक भोक, त्यातूनही धागा जातो. बाजूला स्क्रूसाठी दोन भोकं. एकूण ४८० नग, त्याआधी ६० नमुने.

सिरॅमिक धाग्यासाठी उत्तमच. कठीण असल्यामुळे धागा त्यात चर पाडू शकत नाही. हे मी मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं. पण मोल्ड करून घ्यायला लागणारा वेळ आणि पैसा त्यांना परवडणारा नव्हता. माग बंद पडले होते.

पहिले ६० नग

लेझर कटिंग बाहेरून करून घेतलं. खालच्या कडेला लेझरचा मळ चिकटलेला होता, तो कानशीने काढला, भोकं काउंटरसिंक केली (तोंडं उतरती केली) आणि नग तात्यांकडे दिले. तात्या आमचे पॉलिशवाले. आधी त्यांनी अनेक वर्षं हुपरीत चांदीच्या कामावर काढलेली, त्यामुळे हात इतका सराईत की बफवर (पॉलिशच्या कापडी चाकावर) नग धरला की आवाजावरून त्यांना कळतं साबण (पॉलिशच्या मसाल्याची वडी) संपला की नाही. आठ इंची कापडी बफ, स्टेनलेसचा हिरवा साबण, २८०० आरपीएम (मिनिटाला तेवढे फेरे). एका नगाला चाळीस सेकंद. संध्याकाळी ट्रेमध्ये ६० आरसे पडले होते. मी फोटो काढून मालकांना पाठवले, इतका आनंद झाला होता.

चौथ्या दिवशी फोन आला. नवीन गाईड लावलेल्या मागांवर बाणा पूर्वीपेक्षा जास्त तुटत होता. धागा होता १५० डेनिअरचा (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर टेक्स्चर्ड, म्हणजे कुरळा करून फुलवलेला. तुटला नाही तरी त्याचे एक-दोन तंतू सुटत आणि पुढे गाठोडं होऊन अडकत.

मी गेले. तिथल्या जॉबरनी, म्हणजे माग लावून-दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी, मला मागापाशी नेलं. केस पांढरे झालेले गृहस्थ, खिशात पाना आणि कानावर पेन्सिल. माझं गाईड हातात घेऊन उजेडात फिरवलं आणि म्हणाले, "ताई, आरसा झ्याक केलायसा. पण धाग्याला त्यात थोबाड बघायचं न्हाई, नुसतं सरकून पुढं जायचं हाय."

मग त्यांनी जे केलं ते मी आजही तसंच करते. खिशातून काळ्या कापडाचा एक चौकोनी तुकडा काढला. कोनावरून हातभर धागा तोडला, गाईडच्या खाचेत टाकला आणि दोन्ही टोकं धरून वीस वेळा मागं-पुढं ओढला, जोर न लावता. मग तो काळ्या कापडावर पसरला. ज्या दोन इंचांत घासला गेला होता तिथं धागा फुलला होता, पांढऱ्या बारीक केसांसारखे तंतू उभे राहिले होते. नंतर फुटक्या सिरॅमिक गाईडच्या शाबूत बाजूवर तेच केलं. धागा होता तसाच.

मी खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागत नव्हतं. "बोटाला न्हाई कळायचं," ते म्हणाले आणि कापसाचा बोळा दिला. कापूस कडेवरून ओढला तर दोन ठिकाणी अडकला. नग उलटा फिरवून ओढला तर अडकला नाही. मला तिथंच लक्षात आलं. बर (कापताना कडेला उरणारी धातूची बारीक धार) होती, पण एकाच दिशेला झोपलेली.

बफने काय केलं होतं

परत आल्यावर दहापट भिंगाखाली पाहिलं. तीन गोष्टी दिसल्या, आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

पहिली कडेची. कापडी बफ मऊ असतो, वेगात ताठ होतो आणि कडेवरून आत घसरताना धातूचा पातळसा पापुद्रा पुढं ढकलत नेतो. कानशीने उरलेली बारीक बर त्याने कापली नव्हती, पालथी पाडून वरून चकचकीत केली होती. पॉलिएस्टरच्या एका तंतूची जाडी साधारण १५ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) असते, माणसाच्या केसाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. बोटाला न जाणवणारी २० मायक्रॉनची बर त्या तंतूपुढं त्याच्याएवढीच मोठी.

दुसरी भोकांची. भोकाच्या एका बाजूला पृष्ठभाग ओढला गेला होता, थेंबाला शेपूट असावं तसा. बफवर भोक असलेला नग एकाच दिशेला धरला की हे होतंच. तात्यांनाही ते माहीत होतं. चांदीत नग सतत वळवत राहतात, पण ३८ मिमीची पातळ पट्टी आठ इंची बफवर फिरवत राहणं म्हणजे ती हातातून उडण्याला आमंत्रण.

तिसरी गोष्ट मला पूर्ण नवीन होती आणि तीच या कामाचा गाभा निघाली. पृष्ठभाग मी सरफेस टेस्टरवर मोजून घेतला. सपाट भागावर आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.०५ मायक्रॉन. कुणीही शाबासकी द्यावी असा आकडा. पण कृत्रिम तंतूंचा धागा आरशासारख्या धातूवर कमी घासत नाही, जास्त घासतो. पृष्ठभाग इतका सपाट असला की धाग्याचा खूप मोठा भाग खऱ्या अर्थानं धातूला टेकतो, चिकटल्यासारखा चालतो. म्हणूनच अशा धाग्यांच्या गाईडवर क्रोमचा मुलामासुद्धा मुद्दाम मॅट, संत्र्याच्या सालीसारखा देतात. उंचवटे हवेत, पण गोल डोक्यांचे. टोकदार असले तर तंतू फाडतात, अजिबात नसले तर धागा धरून ठेवतात.

घर्षण थोडं वाढलं तर काय बिघडतं, असं वाटेल. गोल वस्तूवरून वळणाऱ्या दोरीचा नियम इथं लागतो: पुढचा ताण बरोबर मागचा ताण गुणिले ई (गणितातला २.७१८ हा आकडा) चा घात, आणि त्या घातात घर्षणांक गुणिले वळणाचा कोन (रेडियनमध्ये). समजा घर्षणांक ०.२ आहे आणि धागा ९० अंशांत वळतो, तर ताण १.३७ पट होतो. घर्षणांक ०.३ झाला तर १.६० पट. एका गाईडवर फार वाटत नाही. पण अशी दोन वळणं लागोपाठ आली की पहिल्या बाबतीत १.८७ पट आणि दुसऱ्या बाबतीत २.५७ पट. ताण बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. वर झोपलेली बर. धागा तुटणार नाही तर काय होणार?

म्हणजे मला हवं होतं ते असं: कडा खऱ्या अर्थानं गोल, बर कापलेली, पालथी पाडलेली नको, आणि पृष्ठभाग सॅटिनसारखा मंद, टोकदार ओरखडा एकही नसलेला.

कॉर्क का

कॉर्कचं नाव तात्यांनी काढलं. काच घासणारे लोक काचेच्या कडेला कॉर्कचं चाक वापरतात, ते त्यांनी कधीतरी पाहिलं होतं. "काचंची कड त्येच्यावर मारत्यात, कड जाग्यावर ऱ्हाती," एवढंच ते म्हणाले. हे "कड जागेवर राहते" मात्र मला महत्त्वाचं वाटलं.

कॉर्क म्हणजे बूच-ओक झाडाची साल. हे झाड भूमध्य समुद्राभोवती वाढतं आणि जगातलं निम्म्याच्या आसपास कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड तोडत नाहीत. साल दर ९ वर्षांनी सोलतात, ती पुन्हा वाढते. आपण ज्याला बुचाचं झाड म्हणतो, ज्याची लांब दांड्याची पांढरी सुवासिक फुलं लहानपणी विणून वेणी करायचो, ते आकाशनिंबाचं झाड वेगळं. त्याची साल हलक्या प्रतीच्या बुचासाठी वापरत असत, म्हणून ते नाव.

कॉर्कची सगळी करामत त्याच्या पेशींत आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्कचाच पातळ काप पाहिला आणि त्यात दिसलेल्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं. जीवशास्त्रातला 'सेल', म्हणजे पेशी, हा शब्द तिथून आला. ते कप्पे बंद आणि हवेनं भरलेले असतात. दाबलं की भिंती दुमडतात आणि कॉर्क आत बसतं, बाजूला मात्र जवळजवळ फुगत नाही. रबराचं बूच बाटलीत घालायला गेलं की ते दाबेल तसं बाजूला फुगतं आणि अडतं. कॉर्कचं सरळ आत जातं, ते यामुळेच.

आता हेच चाकावर आणा. रबराच्या चाकाला नगाची कड टेकली की रबर दाबाच्या दोन्ही बाजूंनी फुगून कडेवर चढतं. कापड तर कडेला गुंडाळलंच जातं. कॉर्क फक्त जिथं टेकलं तेवढंच दबतं, शेजारचं जागेवर राहतं. त्यामुळे जी गोलाई आपण आधी दिलेली असते तीच टिकते. शिवाय कापलेल्या कप्प्यांची तोंडं उघडी असतात. त्यात तेल आणि दाणा (घासणाऱ्या पावडरचा कण) बसतो, आणि तो दाणा स्प्रिंगच्या गादीवर बसल्यासारखा असतो. जोर पडला की मागं सरकतो, खोल ओरखडा काढत नाही.

एक मात्र आधीच सांगते, कारण आमचे दोन दिवस त्यात गेले. कॉर्क धातू काढत नाही म्हटलं तरी चालेल. लेझरचा मळ, कानशीचे ओरखडे, चौकोनी कड यातलं काहीही कॉर्कच्या भरवशावर सोडायचं नाही. ते आधी झालेलं पाहिजे.

चाक बनवताना

पहिला प्रयत्न फसला. गॅस्केटच्या दुकानातून कॉर्क शीट आणलं, चकत्या कापल्या, चिकटवल्या, फिरवल्या. दहा मिनिटांत शेडमध्ये जळक्या टायरसारखा वास आणि नगावर काळे पट्टे. ते शीट रबर मिसळलेलं होतं, ट्रान्सफॉर्मरच्या गॅस्केटसाठी वापरतात ते. त्या कामाला ते चांगलंच, चाकाला निरुपयोगी. ओळखायची खूण सोपी आहे: तुकडा दुमडला तर रबर-कॉर्क सहज वाकतं आणि परत सरळ होतं, साधं कॉर्क चिरतं.

दुसऱ्या वेळी साधं कॉर्क शीट आणलं. ६ मिमीचे चार थर दोन भागांच्या इपॉक्सीने जोडले. चाक दिसायला सुंदर झालं. पण कॉर्क झिजलं तसतशी इपॉक्सीची रेघ वर राहिली. कॉर्कपेक्षा ती कितीतरी कठीण. प्रत्येक नगावर तीन समांतर ओरखडे, मोजून तीन, जणू पट्टीनं आखलेले.

उपाय घरी सापडला. माझी आई अय्यंगार पद्धतीनं योगासनं करते. आधारासाठी विटा, पट्टे, खुर्च्या वापरायची ती पद्धत बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यातून जगभर नेली. तिच्या खोलीत कॉर्कची वीट होती. घट्ट दाबून केलेली, बारीक दाण्याची, नऊ इंच लांब, सहा रुंद, तीन इंच जाड, आणि मध्ये कुठेही चिकटवलेला सांधा नाही. तशीच नवी वीट मागवली (आईची वीट तिच्याकडेच राहिली). उभी चिरून दोन जाड फळ्या केल्या आणि प्रत्येक फळीतून ११० मिमी व्यासाच्या दोन चकत्या. एका विटेत चार चाकं.

चकतीला १२ मिमीचं भोक आणि दोन्ही बाजूंना ७० मिमीच्या लोखंडी चकत्या, म्हणजे फ्लँज. फ्लँज लहान ठेवली तर कॉर्क नटाखाली चिरडतं आणि चाक डुगडुगतं. लेथवर टूलनं कापायला गेलं तर कॉर्कचे दाणे उपटून येतात. लाकडाच्या सपाट तुकड्यावर ६० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तो फिरत्या चाकाला टेकवला की पाच मिनिटांत चाक गोल होतं. भुसा खूप उडतो, तोंडाला मास्क पाहिजेच.

आणि इथं कॉर्कचा सगळ्यात मोठा फायदा हाती आला. त्याला हवा तो आकार देता येतो. एका चाकाची कड आम्ही बाहेर फुगीर अर्धगोल केली, गोलाई साडेपाच मिमी, म्हणजे ती खाचेच्या ६ मिमी गोलाईत थोडी मोकळी बसेल. कापडी बफ खाचेच्या तळापर्यंत कधी पोचलाच नव्हता. त्याने दोन्ही शिंगं घासली होती आणि तळ, जिथं धागा प्रत्यक्ष चालतो, तो लेझरनं सोडला तसाच होता. साठही नगांत. हे मला भिंगाखाली पाहूनही आधी लक्षात आलं नव्हतं. चाक खाचेत बसवून पाहताना कळलं.

दाणा दोन टप्प्यांत. पहिल्या चाकाला ३२० नंबरचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, दुसऱ्याला ६०० नंबरचा, दोन्ही चरबीच्या साबणातले. चाक फिरत असताना साबण हलका टेकवायचा, मग भंगारातल्या एखाद्या पट्टीवर अर्धा मिनिट चालवून चाक मुरवायचं, मगच नग घ्यायचा. चाकांवर मार्करनं नंबर लिहिले आणि डबे वेगळे केले. ६००च्या चाकात ३२०चा एक दाणा गेला तर ते चाक पुन्हा ६०च्या पेपरवर धरण्यावाचून इलाज नाही.

वेग आणि जळका वास

सुरुवातीला स्पिंडल २८०० आरपीएमवरच होतं. ११० मिमीच्या चाकाच्या कडेचा वेग होतो सेकंदाला १६ मीटर. बफच्या मानानं तो कमीच. आठ इंची बफ त्याच आरपीएमला सेकंदाला ३० मीटरच्या आसपास जातो. तरीही पहिल्या नगाला तात्यांनी नेहमीच्या सवयीनं जोर दिला आणि धूर आला. नगावर सोनेरी-तपकिरी झाक उमटली. स्टेनलेसवर ती झाक यायला साडेतीनशे ते चारशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. कॉर्क उष्णता वाहून नेत नाही, म्हणून तर त्याच्या लाद्या छताखाली लावतात. घर्षणाची जवळपास सगळी उष्णता नगातच जाते, आणि आमचा नग अडीच मिमी जाड.

पुली बदलून १४४० आरपीएम केलं. कडेचा वेग झाला सेकंदाला ८.३ मीटर. शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं. पाच सेकंद चाकावर, मग पाण्यात, पुसून पुन्हा चाकावर. तात्यांना हे फार जड गेलं. तीस वर्षं ज्या हातानं दाबून काम केलं त्याला आता नुसतं टेकवायला सांगायचं. त्यांनी स्वतःच युक्ती काढली. नग धरायची लाकडी पकड हलक्या बिजागरीवर बसवली आणि मागून एक सैल स्प्रिंग लावली. जोर स्प्रिंगचा, हाताचा नाही. दुसऱ्या दिवसापासून एकही नग तांबूस झाला नाही.

पकडीचा दुसरा फायदा सुरक्षेचा. इतका लहान नग बोटांत धरून फिरत्या चाकावर न्यायचाच नाही. हातमोजे घालून तर मुळीच नाही, मोजा चाकात गेला की हात त्याच्यामागे जातो. माझी ओढणी आणि वेणी दोन्ही अ‍ॅप्रनच्या आत असतात. नग चाकाच्या मध्यरेषेच्या थोडा खाली टेकवायचा आणि जी कड गोल करायची ती चाक जिथून सोडून जातं त्या बाजूला ठेवायची. चाक कडेवर येऊन आदळता कामा नये. उलटं धरलं तर कॉर्कचा लचका तुटतो, आणि नग कुठं जाईल याचा नेम नाही.

मधलं ५ मिमीचं भोक हे सगळ्यात किचकट. तिथं चाक जात नाही. बाटलीची साधी बुचं घेतली आणि कॉलेजच्या रसायनशाळेत असतो तसल्या कॉर्क बोररनं त्यातून ६ मिमीच्या पिना काढल्या. बारीक आटे असलेल्या निमुळत्या मँड्रेलवर (पिन धरणाऱ्या दांड्यावर) पिन खोवून हँड ग्राइंडरला लावली. सहाची पिन पाचच्या भोकात दाबून जाते आणि न फुगता भिंतीला सारखी टेकते. पण पिना मोडायच्या फार. अख्ख्या बुचात आडव्या तपकिरी रेघा दिसतात, ती सालीची श्वास घेण्याची छिद्रं. पिनेत ती आली की नेमकी तिथंच मोडते. रेघा नसलेली बुचं निवडून घेतल्यावर एका पिनेत दहा-बारा भोकं होऊ लागली. त्याहून चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही.

तयारीचं कामही बदललं. खाचेच्या दोन्ही बाजूंना कानशीनं आधी चेंफर (कड तिरकी उतरवणं), मग ३२० नंबरच्या पेपरची कापडी पट्टी बूट पॉलिश करताना ओढतात तशी खाचेतून आडवी ओढायची, चेंफरचे कोपरे जाईपर्यंत. त्यानंतर कॉर्क. खाचेला दोन्ही चाकं मिळून नगामागं अडीच मिनिटं, भोकाला एक मिनिट. ४८० नगांचे २८ तास, पट्टी ओढण्याचा वेळ वेगळा. बफचे ४० सेकंद कुठं आणि हे कुठं. मालकांना मी नवा दर सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आधी दहा नग द्या.

दहा नग

ते दहा नग घेऊन मी स्वतः गेले. सरफेस टेस्टरवर आरए ०.२५ मायक्रॉनच्या आसपास येत होता, म्हणजे पहिल्या लॉटच्या पाचपट. आकडा बघून कुणी म्हणेल काम बिघडवलं. नग दिसायलाही साधे, चांदीच्या जुन्या वाटीसारखे मंद.

जॉबरनी तोच काळा तुकडा काढला. वीस वेळा धागा ओढला. पसरला. वाकून पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. धागा तसाच होता. मग कापूस दोन्ही दिशांनी फिरवला, भोकातही पीळ घालून ओढला. एका नगाच्या भोकात तंतू अडकला. तो नग त्यांनी बाजूला ठेवला, उरलेले नऊ खिशात टाकले आणि मागाकडे गेले.

त्यांनी पाच मागांवर आठ दिवस वहीत नोंद ठेवली. तेच कोन, तोच धागा, आणि शेजारच्या पाच मागांवर माझेच आरसे. कॉर्कवाल्या मागांवर बाणा तुटणं आरशांपेक्षा निम्म्याहून खाली आलं. पाच माग आणि आठ दिवस म्हणजे फार मोठा पुरावा नाही, हवेतल्या दमटपणाचाही फरक पडतो. पण गाठोडी होणं थांबलं होतं, आणि ते डोळ्यांनी दिसत होतं. ऑर्डर नव्या दरानं पक्की झाली. पहिल्या ६० नगांचे पैसे मी घेतले नाहीत. ते परत आणून पुन्हा तयार केले, खाचेचा तळ त्यांत कोराच होता.

जुलैतले डाग

शेवटचा लॉट जुलैत गेला. पंधरा दिवसांनी तीसेक नगांवर तांबूस ठिपके आल्याचा निरोप आला. ३०४ स्टेनलेस गंजलं म्हणून आधी लेझरवाल्याकडे माझी नजर गेली. तो अन्याय होता. चूक आमच्याच शेडमध्ये होती. मध्यंतरी एका मुलानं ६००च्या चाकावर साध्या लोखंडाच्या चार पिना मारल्या होत्या. लोखंडाचे कण कॉर्कच्या उघड्या कप्प्यांत बसले आणि तिथून स्टेनलेसवर घासले गेले. पावसाळ्यात ते कण गंजले, खालचं स्टेनलेस ठीक होतं. कॉर्क जसा दाणा धरून ठेवतं तशीच घाणही धरून ठेवतं.

नग परत आणले, गरम सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवून कण विरघळवले, भरपूर पाण्यात धुऊन वाळवले. त्यानंतर स्टेनलेसची चाकं कुलपाच्या कपाटात गेली. धुण्याचीही शिस्त लावली. आधी रॉकेलमध्ये साबण सोडवायचा, मग गरम पाण्यात भांड्याच्या साबणानं, मग कोरडं कापड. भोकात राहिलेली चरबी धाग्याला लागून कापडावर काळा डाग पडतो, आणि तो डाग थानभर पसरल्यावर कुणी कुणाला काय सांगायचं?

आता सात महिने झालेत. अपेक्षेप्रमाणे ३०४ मऊ पडतंय. सगळ्यात जास्त चालणाऱ्या मागांवरच्या गाईडच्या तळाला धाग्यानं केसासारखी रेघ पाडायला सुरुवात केली आहे. त्या रेघेत धागा उतरला की कड पुन्हा नव्यानं तयार होणार. मालकांशी बोलून पुढचे ५० नग ४२० ग्रेडमध्ये (तापवून कडक करता येणारं स्टेनलेस) कडक करून घ्यायचं ठरवलंय. कडक झाल्यावर पट्टी ओढायला किती वेळ लागेल आणि ३२०चा दाणा पुरेल की आधी २२०चं एक चाक लागेल, ते पहिले पाच नग सांगतील. तात्यांनी त्यासाठी विटेतली चौथी चकती राखून ठेवली आहे. जॉबरनी मला दिलेला काळा कापडाचा तुकडा स्पिंडलच्या वरच्या खिळ्याला अडकवलेला आहे, आणि कोनावरचा तोच १५० डेनिअरचा धागा शेजारी.